घाटात अडकलेला ट्रक आणि पेटीत न मावणारा पार्ट

पावसाळा तोंडावर आला की बेळगाव-गोवा वाहतुकीची चर्चा तीन गोष्टींभोवती फिरते: दरडी, खड्डे आणि अवजड वाहनांवरची बंदी. चौथी गोष्ट मात्र बाजूला राहते. चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या वळणावर भरलेला एकच ट्रक बंद पडला, तरी मागे-पुढे रांगा लागतात, भाजीचा माल तापतो आणि रुग्णवाहिकाही अडकते. पूर्वीही ट्रक बंद पडायचेच. फरक एवढाच की पूर्वी बरेच ट्रक जागेवर सुरू व्हायचे, आता नव्या ट्रकला टोचनची किंवा कंपनीच्या सर्व्हिस व्हॅनची वाट पाहावी लागते. हा बदल रस्त्यामुळे झालेला नाही, ट्रकच्या पोटात झाला आहे.

जुनी पेटी काय करू शकत होती

पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या ट्रकमध्ये चालकाच्या सीटखालची पेटी म्हणजे अर्धं गॅरेज असायचं. फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, रेडिएटरचा पाइप, पाट्याचा सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, ब्रेकचा डायफ्राम, दोन-चार नोझलचे पाइप, पाने, टामी आणि जॅक. डिझेलमध्ये हवा धरली तर फिल्टरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळायचा आणि गाडी चालू करायची. इंजिनाचा पंप यांत्रिक होता. त्याला बॅटरीपेक्षा अनुभव लागायचा. क्लीनर म्हणून लागलेला मुलगा चार-पाच वर्षांत अर्धा मेस्त्री व्हायचा तो यामुळेच.

1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानक लागू झालं. डिझेलमधलं गंधकाचं प्रमाण दहा लाखांत 50 भागांवरून 10 वर आलं. अवजड इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-4 मध्ये किलोवॅट-तासाला 3.5 ग्रॅम होती, ती बीएस-6 मध्ये अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आली. हवेसाठी हा बदल आवश्यक होता, त्याबद्दल वाद नाही. पण तो साधण्यासाठी ट्रकमध्ये कॉमन रेल पंप, ईसीयू, धूर गाळणारा फिल्टर, युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणा आणि त्यावर नजर ठेवणारे सेन्सर बसले. यातलं बरंचसं बिघडलं तर पाना-टामीने काही होत नाही.

गाडी चालू आहे, पण लोड घेत नाही

नव्या ट्रकचा सर्वात त्रासदायक बिघाड म्हणजे इंजिन चालू असतं, पण ताकद देत नाही. डीईएफ, म्हणजे चालकांच्या भाषेत युरिया, संपला किंवा भेसळीचा निघाला, नॉक्स सेन्सर गेला किंवा धुराचा फिल्टर तुंबला, तर ईसीयू आधी डॅशबोर्डवर दिवा लावून इशारा देतं आणि नंतर इंजिनाची ताकद कमी करतं. सपाट रस्त्यावर असा ट्रक हळूहळू का होईना, पुढच्या धाब्यापर्यंत जातो. घाटात, 16 चाकी भरलेल्या गाडीला, चढणीच्या वळणावर हेच झालं तर गाडी जागेवर थांबते. मागे घेता येत नाही, पुढे जात नाही.

डीईएफ हे युरिया 32.5 टक्के आणि उरलेलं शुद्ध पाणी असं द्रावण असतं. साधारणपणे 100 लिटर डिझेलमागे चार ते सहा लिटर लागतं. नळाचं पाणी मिसळलेलं किंवा शेतीचा युरिया विरघळवून केलेलं स्वस्त द्रावण भरलं, तर त्यातले क्षार फवारणीच्या नोझलमध्ये आणि उत्प्रेरकावर बसतात. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊन हजारोंचा पार्ट बदलावा लागतो. उन्हात महिनोन्‌महिने पडलेला कॅनही खराब होतो. म्हणून सीलबंद कॅन, ताजी तारीख आणि सावलीत ठेवलेला साठा या तीन गोष्टी बघूनच घ्यावं.

धुराच्या फिल्टरचंही तसंच. शहरातल्या शहरात किंवा रांगेत सरकत चालणाऱ्या गाडीचा एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही. दिवा लागल्यावर गाडी उभी करून फिल्टर साफ होऊ देण्याची सोय अनेक मॉडेलांत असते. ती घाटाखालीच, मोकळ्या जागेत वापरायची. सायलेन्सरजवळ सुका पालापाचोळा असलेल्या कडेला नव्हे.

पेटीत आजही काय हवं

याचा अर्थ पेटी निरुपयोगी झाली असा नाही. टायर, बेल्ट, पाइप, हवेची गळती, ढिले वायर टर्मिनल यांनी ट्रक आजही बंद पडतात आणि ते आजही रस्त्यावर सुटतं. दुर्गम फेरीसाठी जाणत्या चालकांच्या पेटीत साधारण हे सामान असतं: डिझेलचे दोन्ही फिल्टर, बेल्ट, कूलंटचा पाइप आणि क्लिपा, पाच लिटर कूलंट, इंजिन ऑइल, सीलबंद डीईएफचा कॅन, फ्यूज आणि रिले, हवेचा पाइप आणि जोड, ब्रेक चेंबरचा डायफ्राम, चाकाचे नट, साधा मल्टिमीटर, टेप, तार, टॉर्च, लाल त्रिकोण आणि चाकाला लावायच्या लाकडी ओट. ओट नसली की दगड लावतात आणि काम झालं की ते रस्त्यातच राहतात. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव त्या दगडाने जातो.

दोन गोष्टी नव्या चालकांना कुणीतरी सांगायला हव्यात. पहिली, कॉमन रेलच्या हाय प्रेशर पाइपचा नट इंजिन चालू असताना सैल करायचा नाही. तिथला दाब 1,600 बार आणि त्याहून जास्त असतो. त्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. जुन्या पंपावर चालणारी ही सवय नव्या गाडीवर जीवघेणी आहे. दुसरी, एअर ब्रेकची हवा पूर्ण गेली की मागची चाकं स्प्रिंगने आपोआप जाम होतात. टोचन लावून ओढायच्या आधी चेंबरचा बोल्ट फिरवून स्प्रिंग मोकळी करावी लागते, आणि त्याआधी चाकांना ओट लावावीच लागते. नाहीतर उतारावर गाडीला धरणारं काहीच उरत नाही.

सेन्सर मात्र पेटीत मावत नाही

खरा पेच इथे आहे. बेल्ट काही शेकड्यांत मिळतो, कुठल्याही दुकानात मिळतो. नॉक्स सेन्सर किंवा इंजेक्टर हजारोंत जातो, मॉडेलनुसार बदलतो, आणि बसवल्यावर स्कॅनर लावून त्याचा कोड ईसीयूला सांगावा लागू शकतो. दोन-तीन ट्रकचा मालक तो आधीच घेऊन ठेवू शकत नाही. मोठ्या कंपनीच्या ताफ्याला वार्षिक देखभाल करार परवडतो, छोट्या मालकाला नाही. बिघाड एकच, पण एकाचे चार तास जातात आणि दुसऱ्याचे दोन दिवस.

त्यातून काही जण पळवाट शोधतात: युरियाची यंत्रणाच बंद करून ईसीयूला फसवणारं उपकरण बसवून घेतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ प्रमाणे बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड बाजूला ठेवला तरी तो धूर कंकुंबी, जांबोटी, केरी, साखळीच्या लोकांच्याच छातीत जातो.

कागदही थांबतात

बेळगावची भाजी आणि दूध गोव्याला रोज जातं, आणि वाटेत राज्य बदलतं. ई-वे बिलाची मुदत सर्वसाधारण मालासाठी 200 किलोमीटरपर्यंत एक दिवस आहे आणि ती दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपते. ज्या मालाला हे बिल लागतं, तो समजा सोमवारी रात्री निघाला आणि घाटात अडकला. पार्ट बुधवारी आला, तर बिल मंगळवारी रात्री बारालाच संपलेलं. मुदत संपण्याआधीच्या आठ आणि नंतरच्या आठ तासांत, म्हणजे मंगळवारी दुपारी चार ते बुधवारी सकाळी आठ या वेळेत, ती वाढवून घेता येते. माल दुसऱ्या गाडीत भरला तर भाग-बी मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकावा लागतो. घाटात मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून हे काम चालकावर न सोडता ऑफिसातूनच व्हायला हवं.

आणखी एक तरतूद चालकांना माहीत नसते. रस्ता अडवल्याबद्दल कलम 201 खाली 500 रुपये दंड आहे, पण अचानक बिघाड झालेल्या आणि हटवण्याचं काम सुरू असलेल्या गाडीला तो लागू होत नाही. क्रेनला किंवा सर्व्हिस व्हॅनला केलेल्या फोनची नोंद दाखवता आली तर वाद मिटतो. विम्याच्या बाबतीत मात्र उलट आहे. निव्वळ उशीर झाल्यामुळे सडलेल्या मालाची भरपाई सर्वसाधारण मालवाहतूक विम्यात मिळत नाही. ते नुकसान शेवटी शेतकरी, दलाल आणि गाडीमालक यांच्यात वाटलं जातं, आणि सर्वात कमी बोलू शकणाऱ्याच्या वाट्याला जास्त येतं.

करता येण्यासारखं

हा प्रश्न फक्त बेळगावचा नाही. इंदूरहून धुळ्याकडे येणाऱ्या गाड्यांना बिजासन घाट आहे, सुरत-नाशिक रस्त्याला सापुतारा आहे. जिथे घाट आणि राज्याची हद्द एकाच ठिकाणी येतात, तिथे बंद पडलेली गाडी कुणाची जबाबदारी यावरच वेळ जातो. राष्ट्रीय महामार्गासाठी 1033 हा मदतीचा क्रमांक आहे. अनमोडचा रस्ता महामार्ग आहे, तसाच चोर्ल्याचाही. तिथे कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र तिन्ही जवळजवळ येतात, म्हणून पावसाळ्यापुरती तरी घाटाच्या दोन्ही तोंडांना एकेक अवजड क्रेन आणि तिन्ही बाजूंच्या पोलिसांचा एक सामायिक क्रमांक असणं ही काही मोठी मागणी नाही.

दुसरं काम मालकांच्या संघटनांचं. एकट्याला न परवडणारा सेन्सर चाळीस मालकांनी मिळून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला एका बेल्टइतका खर्च येतो. बेळगाव-गोवा मार्गावर जास्त चालणाऱ्या चार-पाच मॉडेलांचे सेन्सर, एक चांगला स्कॅनर आणि तो चालवणारा एक मेस्त्री खानापुरात ठेवला, तर दोन दिवसांचा खोळंबा एका रात्रीवर येऊ शकतो.

तिसरं सरकारचं. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात न दिल्याबद्दल सुमारे 2,544 कोटींचा दंड लावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. 2022 मध्ये केंद्राने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, त्यात वाहन क्षेत्रही होतं. अमेरिकेत ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने, युरिया संपताच ट्रकची ताकद एकदम जाऊ नये, चालकाला पुरेसा वेळ मिळावा, असं मार्गदर्शन कंपन्यांना दिलं. आपल्याकडेही धुराचे नियम सैल न करता एवढं मागता येईल: चढणीवर भरलेली गाडी सुरक्षित जागी पोचेपर्यंत ताकद राहावी, आणि बिघाडाचा कोड वाचण्याचा हक्क खानापूरच्या मेस्त्रीलाही असावा.

बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीत ट्रकच्या लोखंडाचं काम करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या हातात स्कॅनर आणि माहिती दिली नाही, तर घाटातली प्रत्येक गाडी दूरच्या शहरातून येणाऱ्या व्हॅनची वाट बघत उभी राहील, आणि तिच्यामागे आपण सगळे.