उडालेले पूर्वज आणि पुठ्ठ्याची यानं

जुन्या सिनेमांतल्या अंतराळयानांच्या मॉडेल्सबद्दल किंवा पहिल्यावहिल्या व्हिडिओ गेमच्या खोक्यांवरल्या चित्रांबद्दल कुणी जिव्हाळ्यानं बोललं, की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. पहिलं आपल्याच माणसांचं: गोऱ्यांच्या खेळण्यांचं कौतुक काय करता, आपला अब्बास इब्न फिरनास हजार वर्षांपूर्वी उडाला होता, त्यावर लिहा. दुसरं शेजारच्या आळीतलं: विमानं ना, ती तर आमच्याकडे पुराणकाळापासूनच होती. दोघंही एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण वाक्य एकच बोलतात. मला दोघांशीही भांडायचं आहे. आधी घरातलं भांडण.

इब्न फिरनास नवव्या शतकात कुर्तुब्याला होऊन गेला. माणूस खरा होता, कवी होता, खटपट्या होता. चंद्रावरच्या एका विवराला त्याचं नाव आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या उड्डाणाची जी सविस्तर हकीकत आपण सांगतो ती अल-मक्करी या इतिहासकाराची. तो सतराव्या शतकातला, म्हणजे मधे सात-आठशे वर्षं गेली. आपल्या वक्त्यांना तेवढ्यानं काही फरक पडत नाही. शाळेच्या कार्यक्रमात भाषण होतं, इब्न फिरनास उडतो, लोक सुब्हानल्लाह म्हणतात, पोरं टाळ्या वाजवतात आणि समोसा खाऊन घरी जातात. त्या पोरांच्या हातात कुणी कात्री दिली का? पुठ्ठा दिला का? अंदालुस, बगदाद, समरकंद आम्हाला तोंडपाठ, आणि घरात पोरानं जुना रेडिओ खोलला की पाठीत धपाटा.

आमच्या कोरपन्यात तर आणखी एक सुवर्णयुग आहे. राजुऱ्याचा हा सारा मुलूख निजामाच्या राज्यातला, आदिलाबाद जिल्ह्यातला. पुढे १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्यात आला. त्यामुळे इथले म्हातारे बगदादपर्यंत जातच नाहीत, हैदराबादलाच थांबतात. तेवढाच प्रवासखर्च वाचतो.

आता शेजारची आळी. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भारतीय विज्ञान काँग्रेस भरली आणि तिथं प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला. त्याचा आधार ‘वैमानिक शास्त्र’. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुब्बराय शास्त्री यांनी तोंडी सांगितला आणि त्यातली विमानांची चित्रं १९२३ मध्ये एल्लप्पा नावाच्या बंगळूरच्या आरेखकानं काढली. १९७४ मध्ये बंगळूरच्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या शास्त्रज्ञांनी ती तपासली आणि यातलं एकही यंत्र उडू शकणार नाही असा निर्वाळा दिला. इथं बहुतेक लोक हसून विषय सोडतात. मी सोडत नाही, कारण मला ती चित्रं मनापासून आवडतात. मजल्यावर मजले, वर निमुळता होत गेलेला कळस, आत चाकं, नळ्या, पंखे, आणि सगळं इंजिनिअरिंगच्या नकाशासारखं मापात. फ्लॅश गॉर्डन १९३४ मध्ये पहिल्यांदा वर्तमानपत्रात छापला गेला, त्याच्या अकरा वर्षं आधीची ही चित्रं. ‘ही माझी कल्पना’ एवढंच त्यांच्याखाली लिहिलं असतं, तर एल्लप्पांना आज आपण भारतीय विज्ञानकथेच्या चित्रकलेचा बाप म्हटलं असतं. त्यांच्या रेषांना पूर्वजांचा दाखला चिकटवला आणि एका चांगल्या चित्रकाराचं मातेरं झालं.

त्याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे नाव खोटं होतं, आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर निघतात. नाव खोटं, पण कथेला कथाच म्हटलेलं. ‘वैमानिक शास्त्रा’त नावं खरी आणि बाकी सगळं शास्त्र म्हणून खपवलेलं. यातली कुठली परंपरा आपली म्हणायची, हे मला तरी अवघड जात नाही.

पुठ्ठ्याच्या यानाशी माझं नातं इथून सुरू होतं. ते कधीच म्हणत नाही की मी उडालो होतो. ‘स्टार वॉर्स’ १९७७ मध्ये आला. त्यातल्या लढाऊ यानांच्या अंगावर ज्या असंख्य नळ्या, झडपा, खाचा दिसतात, त्या बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या रणगाड्यांच्या, जहाजांच्या आणि मोटारींच्या किट फोडून चिकटवल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या रणगाड्याचं चाक इकडे, जहाजाचा तुकडा तिकडे. जगातली सगळ्यात गाजलेली अंतराळयानं भंगार जोडून झाली आहेत. ‘भंगारवाला’ हा शब्द आपल्या लोकांच्या तोंडावर कसा फेकला जातो, ते इथल्या वाचकांना सांगायला नको. पुढच्या वेळी कुणी फेकला तर हे सांगा.

असंच एक दोन फुटांहूनही लहान मॉडेल, रेड लीडरचं एक्स-विंग, ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत लिलावात ३१ लाख डॉलरला गेलं. आपले सुमारे २६ कोटी रुपये. मरण पावलेल्या एका मॉडेलकाराच्या गॅरेजमध्ये ते खोक्यात पडून होतं. ज्यांना आठवणी काचेच्या कपाटात ठेवून त्यांचा भाव वाढायची वाट बघायची आहे, त्यांना ते लखलाभ. माझा वाद त्यांच्याशी नाही. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘बघा, हे श्रीमंतांचे चोचले’ म्हणणाऱ्यांशी आहे.

कारण आमच्याकडे ही यानं चोचले म्हणून आली नाहीत. ऐंशीच्या दशकात आवारपूर, गडचांदूरला सिमेंटचे कारखाने उभे राहिले. तुरी-कापसाच्या सपाट वावरांत एकाएकी दहा-पंधरा मजली टॉवर, तिरके पट्टे, पाईप, आणि रात्री वरपासून खालपर्यंत दिवे. नांदा फाट्यावरून रात्री ते बघितलेल्या पोराला यान म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. दिव्यांच्या आत कॉलनी, बाहेर गाव. कॉलनीतल्या घरांत टीव्ही गेम आला, गावातली पोरं खिडकीशी उभं राहून बघायची. ‘९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट, प्रत्यक्षात दहा-बारा खेळ तेच ते उलटसुलट. खोक्यावर ज्वाळा सोडणारं चकाकतं यान, आणि पडद्यावर एक त्रिकोण चार ठिपके सोडतोय.

यात फसवणूक झाली असं मला कधी वाटलं नाही. पहिल्या व्हिडिओ गेमच्या कंपन्यांनी मुद्दाम कसलेल्या चित्रकारांकडून खोक्यांवरची चित्रं रंगवून घेतली, कारण पडद्यावर चौकोनांखेरीज काही दाखवताच येत नव्हतं. खोकं सांगायचं आणि बाकीचं पोराच्या डोक्यात घडायचं. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये राक्षस कमी होत जातात तसा त्यांचा वेग वाढतो, तेही मशीन दुबळं म्हणून: पडद्यावर गर्दी असली की ते रखडायचं, गर्दी कमी झाली की सुसाट सुटायचं. निशिकादो या जपानी अभियंत्यानं तो दोष तसाच ठेवला आणि खेळाचा जीव त्यातच आहे. आजच्या मोबाईलवरच्या गेममध्ये यानाच्या काचेवरचा ओरखडासुद्धा दिसतो. छान दिसतो. पण पोरानं आपल्याकडून घालायचं त्यात काही उरलेलं नाही, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी त्याला ते यान वहीच्या मागच्या पानावर काढावंसं वाटत नाही.

आमच्या वह्यांची मागची पानं भरलेली असायची. त्या यानांना टूथपेस्टचं झाकण, बॅटरीच्या सेलचं पितळी टोपण, तुटक्या कॅलसीचं सर्किट लागायचं. इंद्रजाल कॉमिक्समधला फ्लॅश गॉर्डन दहा हातांतून फिरून, कव्हर गळून यायचा. दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’, मग १९९८ मध्ये ‘कॅप्टन व्योम’. ते सेट आज बघितले तर हसू येतं. हसावं. पण ते बघून ‘हे तर आपल्यालाही जमेल’ असं वाटायचं, ही त्यांची खरी कमाई.

आता एक आक्षेप, जो हळू आवाजात घेतला जातो म्हणून मी मोठ्यानं घेतो. ‘तस्वीर, पुतळे, मॉडेल, दीनच्या दृष्टीनं हे ठीक आहे का?’ यान निर्जीव वस्तू आहे, आणि निर्जीव वस्तूंच्या चित्राला बहुतेक उलेमांची हरकत नाही, हा मसला साधा आहे. पण मला मसल्यापेक्षा एक रिवायत जवळची वाटते, अबू दाऊदमधली. हजरत आयेशा (रजि.) यांच्या खेळण्यांत चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. हुजूर (स.) यांनी विचारलं, घोड्याला पंख? त्यांनी उलट विचारलं, हजरत सुलैमान यांच्या घोड्यांना पंख होते हे ऐकलं नाही का? आणि हुजूर (स.) मनमोकळं हसले. ही रिवायत आपल्या मिंबरवरून किती वेळा ऐकली? इब्न फिरनासच्या मानानं फारच कमी.

आणि वारसाच हवा असेल तर अल-जजरीचा घ्या. दियारबकरच्या दरबारातला हा कारागीर. १२०६ मध्ये त्यानं आपला ग्रंथ पुरा केला: हत्तीवरचं घड्याळ, बाहुल्या वाद्यं वाजवतात अशी नाव, पाणी उपसायची यंत्रं. सोबत रंगीत चित्रं, आणि कुठला भाग कशाचा, केवढा, कसा जोडायचा याची मापं. दुसऱ्या कुणाला बनवता यावं म्हणून लिहिलेलं पुस्तक. त्यातली निम्मी यंत्रं म्हणजे दरबाराची खेळणीच. ‘आम्ही आधी केलं’ म्हणून छाती फुगवायला हा माणूस निरुपयोगी आहे, कारण पान उघडलं की तो म्हणतो, बस, पत्रा काप.

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आमच्या जिल्ह्यावरून जळती रेघ गेली. त्या दिवशी गुढीपाडवा होता, आणि आम्ही रमजानचा चांद बघायला आधीच गच्चीवर होतो. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला आकाशातून एक भलंमोठं धातूचं कडं पडलं, आसपासच्या भागात धातूचे गोळे सापडले. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचे अवशेष असावेत असं तज्ज्ञ म्हणाले, इस्रोची माणसं येऊन बघून गेली. चंद्रपूर जिल्ह्यात खरं अंतराळयान आलं ते असं, भंगार होऊन. दुसऱ्या दिवशी पहिला रोजा. सगळीकडे तीच चर्चा, आणि त्यात एक जण हमखास निघायचा, की हे सगळं आपल्या लोकांनी कधीच शोधून ठेवलं होतं. ते कडं कशाचं, जळून राख का झालं नाही, गोळा आतून पोकळ का, हे विचारणारी फक्त पोरं होती. त्यांना मोठ्यांनी गप्प केलं.

सध्या विज्ञान प्रदर्शनात टेबलावर असतं ते स्टेशनरीच्या दुकानातून आणलेलं रेडिमेड मॉडेल. ज्वालामुखी, पवनचक्की, चांद्रयान, सगळं तयार, नावाची पट्टी तेवढी चिकटवायची. उर्दू शाळा असो की जिल्हा परिषदेची, परीक्षकांना माझं सांगणं आहे की त्याला बक्षीस देऊ नका, उत्तेजनार्थसुद्धा. आणि ज्यांचं भंगाराचं दुकान आहे त्या भाईंनो, रेडिओ-टीव्हीची सर्किटं तुमच्याकडे किलोवर येतात. काट्यावर टाकायच्या आधी पोराला त्यातली हवी ती निवडून घेऊ द्या.