हरकती मागवल्या, उत्तर कोण देणार?

सेक्टर २, भिलाई

कायदे संसद करते, असे नागरिकशास्त्राचे पुस्तक सांगते. ते खरे असले तरी अपुरे आहे. कोणताही केंद्रीय कायदा उघडून पाहावा. त्यात ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ हे शब्द पानोपानी भेटतात. काय विहित करायचे, किती दिवसांत करायचे, अर्ज कोणत्या नमुन्यात द्यायचा आणि तो कोणापुढे ठेवायचा, हे सारे संसद मंत्रालयावर सोपवते. मंत्रालय नियम करते आणि नागरिकाची गाठ पडते ती बहुधा या नियमांशी. हे नियम अंतिम होण्यापूर्वी राजपत्रात मसुदा प्रसिद्ध होतो आणि ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवल्या जातात. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात सामान्य माणसाला राज्यकारभारात बोलता यावे, यासाठी ठेवलेली ही जवळजवळ एकमेव औपचारिक जागा आहे. तिची आजची किंमत किती, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

भिलाईसारख्या गावाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. येथील पोलाद कारखाना हा केंद्रीय सार्वजनिक उपक्रम आहे. औद्योगिक संबंध संहितेत ‘समुचित शासन’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यानुसार अशा उपक्रमांसाठी आणि त्यांच्या कामापुरते त्यांच्या कंत्राटदारांसाठीही समुचित शासन म्हणजे केंद्र शासन होय. म्हणजे कंत्राटी कामगाराला वेतनचिठ्ठी कशी मिळावी, त्याची वैद्यकीय तपासणी कधी व्हावी, तंटा कोणापुढे न्यावा, याचे नियम रायपुरात नव्हे तर दिल्लीत लिहिले जातात. चार कामगार संहितांच्या नियमांचे मसुदे केंद्राने २०२० मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा औद्योगिक संबंधांच्या नियमांवर हरकती देण्यास तीस दिवस आणि इतर तिन्हींना प्रत्येकी पंचेचाळीस दिवस दिले होते. ते वर्ष महामारीचे होते. संहिता प्रत्यक्ष अमलात आल्या त्या २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, आणि त्यानंतर डिसेंबरच्या अखेरीस मसुदे नव्याने प्रसिद्ध झाले. कारखान्याच्या फाटकातून रोज आत जाणाऱ्या किती कामगारांनी यांतला एक तरी मसुदा हाती धरला असेल?

या साऱ्या व्यवहाराचे मूळ १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. मूळ कायद्यात ‘पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीवर’ नियम करावेत असे म्हटले असेल, तरच हे कलम लागू होते. सोप्या भाषेत त्याचे पाच टप्पे असे सांगता येतील. नियमांची ज्यांना झळ पोहोचण्याचा संभव आहे, त्यांच्या माहितीसाठी मसुदा प्रसिद्ध करावा. प्रसिद्धीची रीत शासनाला पुरेशी वाटेल ती असावी. मसुदा कोणत्या तारखेनंतर विचारात घेतला जाईल, हे सूचनेत सांगावे. त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती व सूचना प्राधिकरणाने विचारात घ्याव्यात. पाचवा टप्पा मात्र बारकाईने वाचावा लागतो. पूर्वप्रसिद्धीनंतर केला असे म्हणून एखादा नियम राजपत्रात छापला गेला, की तो रीतसर झाल्याचा तोच निर्णायक पुरावा मानला जातो.

चौथ्या टप्प्यात ‘विचार करावा’ असे बंधन आहे. पण विचार केला हे दाखवण्याचे बंधन कोठेच नाही. उलट पाचवा टप्पा तशी चौकशीच अवघड करून ठेवतो. हे कलम रचले गेले तेव्हा कायदेमंडळात जनतेने निवडलेला एकही प्रतिनिधी बसत नव्हता. प्रजेची अर्जी घ्यावी, तिची दखल घेणे न घेणे मात्र सरकारच्या मर्जीवर असावे, ही त्या राजवटीची रीत होती. राज्यघटना आली, प्रजेचे नागरिक झाले. पण हरकत घेणाऱ्याला उत्तर देणे हे कर्तव्य ठरवण्याचे राहून गेले.

याचा परिणाम महाराष्ट्राने सह्याद्रीच्या बाबतीत अनुभवला आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ नुसार अशा अधिसूचनांच्या मसुद्यावर साठ दिवसांत हरकती घेता येतात. पश्चिम घाटाचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवणारा पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला. पुढे २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ मध्ये तो पुन्हा काढावा लागला, कारण ठरावीक काळात अंतिम अधिसूचना न निघाल्यास मसुदा आपोआप व्यपगत होतो. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. सहा राज्यांतील सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात येते. पैकी सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रातील आहे. दर खेपेस साठ दिवसांचा नवा हिशेब सुरू होतो. कोकणातील किंवा कोल्हापूरकडच्या एखाद्या गावाने २०१४ मध्ये पाठवलेल्या हरकतीचे काय झाले, हे त्या गावाला कळत नाही. त्याच्यापुढे नवा मसुदा तेवढा येतो. खाणीला विरोध करणारा आणि घर बांधण्यावर बंदी येईल म्हणून धास्तावलेला, असे दोघेही सारखेच अंधारात राहतात. या उत्तर न मिळण्यातूनच अफवांना बळ मिळते.

दुसरा अडथळा भाषेचा. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा एप्रिल २०२० मध्ये, देश टाळेबंदीत असताना, राजपत्रात आला. जनसुनावणीपूर्वीची सूचना तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणण्यासारख्या तरतुदी त्यात होत्या. जनसुनावणी हा ज्यांचा हक्क, त्या गावकऱ्यांना मसुदा वाचता येईल अशा भाषेत तो नव्हता. राजपत्र इंग्रजी आणि हिंदीत निघते. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये मसुद्याचे भाषांतर करण्याचा आदेश दिला. केंद्र शासन या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले; तेथे त्याला दाद मिळाली नाही. लाखो हरकती आल्या आणि तो मसुदा त्या स्वरूपात कायम झाला नाही.

तरीही त्या आदेशाची मर्यादा छत्तीसगडात राहणाऱ्याला लगेच जाणवते. आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत. त्यांत मराठी आहे, तेलुगू आहे, ओडिया आहे. भिलाईच्या सेक्टरांमध्ये या तिन्ही ऐकू येतात. छत्तीसगढी मात्र त्या सूचीत नाही आणि गोंडीही नाही. ज्या रावघाटच्या लोहखनिजावर या कारखान्याची पुढील मदार आहे, त्या डोंगराभोवतीच्या कित्येक घरांची भाषा गोंडी आहे. ‘ज्यांना झळ पोहोचण्याचा संभव आहे त्यांच्या माहितीसाठी’ हे १८९७ चे शब्द प्रामाणिकपणे वाचले, तर मसुद्याची भाषा अनुसूची पाहून ठरवता येणार नाही. ती झळ कोणाला पोहोचते, हे पाहून ठरवावी लागेल.

न्यायालयांनी आजवर या कलमाची धार दोनदा वाढवली आहे. ‘लोकहितासाठी’ आवश्यक असल्यास हरकती न मागवताच अधिसूचना काढण्याची मुभा पर्यावरण नियमांत आहे. २८ मार्च २०२० रोजी ती वापरून रस्ते, वाहिन्या अशा रेषीय प्रकल्पांसाठी माती उपसण्यास पूर्वपरवानगीतून सूट देण्यात आली. २१ मार्च २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती संजय करोल यांच्या खंडपीठाने ती सूट रद्द केली. लोकांना न विचारण्यात कोणते लोकहित होते, हे शासनाला दाखवता आले नाही. याचा अर्थ असा की, लोकांना विचारणे हा नियम आणि न विचारणे हा अपवाद. अपवादाची कारणे सांगावीच लागतील.

दुसरा निकाल दूरसंचाराचा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ मध्ये असा विनियम केला की, संभाषण मध्येच तुटल्यास कंपनीने ग्राहकाला एक रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन वेळा. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. ग्राहकांचा यात तोटाच झाला. परंतु निकालातील एक विचार ग्राहकांच्याही उपयोगाचा आहे. प्राधिकरणाने कंपन्यांच्या आक्षेपांना सकारण उत्तर दिले नाही, म्हणजे कायद्याने घातलेले पारदर्शकतेचे बंधन पाळले नाही, असे न्यायालयाने म्हटले. अमेरिकेत १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार संघीय खात्यांना मसुद्यावर मते मागवून अंतिम नियमासोबत त्याचा आधार आणि हेतू सांगावा लागतो. महत्त्वाच्या आक्षेपांकडे काणाडोळा केला तर तेथील न्यायालये नियम परत पाठवतात. आपल्या संसदेनेही असा सर्वसाधारण कायदा करण्याचा विचार करावा, असे न्यायालयाने सुचवले. ती सूचना अद्याप सूचनाच राहिली आहे.

या विषयावर कागद अजिबात नाही, असे मात्र नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्राने विधिपूर्व विचारविनिमयाचे धोरण जाहीर केले. मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा, त्यासोबत सोप्या भाषेतील टिपण द्यावे, आलेल्या मतांचा सारांश संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा, असे त्यात आहे आणि नियमांनाही ते लागू आहे. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. ते मोडल्यास दाद मागण्याची जागा नाही. म्हणून प्रत्येक खाते आपापली रीत चालवते. दूरसंचार प्राधिकरण आलेली मते आणि त्यांवरील प्रतिमते जशीच्या तशी प्रसिद्ध करते. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आला, तेव्हा मात्र आलेली मते कोणालाही दाखवली जाणार नाहीत, असे आरंभीच सांगण्यात आले. केवळ एकत्रित सारांशाचे आश्वासन होते. एकाच देशात दोन खात्यांच्या दोन तऱ्हा असतील, तर नागरिकाचा हक्क खात्याच्या स्वभावावर अवलंबून राहतो.

लाखो पत्रांना उत्तर देणे अशक्य आहे, असा प्रशासनाचा युक्तिवाद असतो. शासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या माणसाला त्यातील अडचण समजते. पण तो पुरेसा नाही. प्रत्येक पत्राला उत्तर द्यावे, असे कोणी म्हणत नाही. सचिवालयांत हरकतींचे कोष्टक मांडण्याची रीत जुनीच आहे: एका रकान्यात कलम, दुसऱ्यात आक्षेप, तिसऱ्यात विभागाचे मत. एकाच मजकुराची दहा हजार पत्रे या कोष्टकात एकच ओळ व्यापतात. म्हणजे उत्तर बहुधा तयार असते; ते नस्तीत बंद राहते एवढेच. अंतिम नियमासोबत ते कोष्टक राजपत्रात जोडले, तर खात्याचे काम फारसे वाढणार नाही.

नागरिकांनीही यातून एक बोध घ्यावा. हरकतींची मोजणी करायची नसते, त्या तोलायच्या असतात. अमेरिकेत २०१७ मध्ये महाजालाच्या समान वापराविषयी सुमारे दोन कोटी वीस लाख मते आली. त्यांतील बहुतांश बनावट होती, असे न्यू यॉर्कच्या महान्यायप्रतिनिधींच्या चौकशीत पुढे आले. कोणीतरी तयार करून दिलेला मजकूर पुढे ढकलण्यापेक्षा अर्ध्या पानाचे स्वतःचे पत्र अधिक वजनाचे असते. त्यात मसुद्याचा क्रमांक आणि दिनांक असावा, नेमका कोणता नियम खटकतो ते लिहावे, त्याने आपले काय बिघडते ते अनुभवाने सांगावे आणि त्या जागी कोणते शब्द हवेत तेही सुचवावे. ‘हा काळा कायदा मागे घ्या’ या वाक्याला कोष्टकात रकाना नसतो. ‘या नियमातील पंधरा दिवस अपुरे आहेत, कारण आमच्या पाळ्या अशा आहेत, तेथे तीस दिवस करावेत’ या वाक्याला तो असतो. पत्र मुदतीत पोहोचल्याची पोच जपून ठेवावी आणि अंतिम नियम आल्यावर त्याच्याशी ताडून पाहावे. संघटना, ग्रंथालय, महाराष्ट्र मंडळ, निवृत्तांची सभा यांनी महिन्यातून एकदा एक मसुदा मराठीतून वा हिंदीतून मोठ्याने वाचला, तरी पुष्कळ काम होईल.

परंतु नागरिकांची दक्षता कायद्यातील उणीव भरून काढू शकत नाही. कलम २३ मध्ये दोन वाक्यांची भर घालणे हे संसदेचे काम आहे. मसुदा ज्यांना लागू होणार त्यांच्या भाषेत दिला जाईल, हे एक. आणि प्रत्येक महत्त्वाच्या आक्षेपावर काय ठरवले व का, हे अंतिम नियमासोबत प्रसिद्ध होईल, हे दुसरे. आक्षेप मान्यच करावा, असे यांत कोठेही म्हटलेले नाही. नकार देण्याचा अधिकार शासनाला आहेच. मात्र त्या नकाराचे कारण जाणून घेण्याचा अधिकार नागरिकालाही असला पाहिजे.