तेलाचा प्रश्न घोषणेने सुटत नाही

देशाच्या पोटात तेल मुबलक आहे, केवळ सरकारी लाल फितीमुळे ते वर येत नाही, अशी समजूत गेली कित्येक वर्षे पद्धतशीरपणे पसरविली जात आहे. तिच्या मागोमाग ठरलेली मागणी येते: तेलक्षेत्रे खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली करा. आपल्या कार्यकर्त्यांनी या मागणीला केवळ निषेधाने उत्तर देऊ नये. भूगर्भ आणि जमाखर्च या दोहोंचा अभ्यास करून ते दिले पाहिजे.

मराठवाडा ज्या काळ्या पाषाणावर वसला आहे आणि वेरूळचे कैलास लेणे ज्यातून कोरले गेले, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. तेल सापडते ते गाळाच्या खडकांत. या पाषाणाखाली असे खडक असले तरी त्यांचा माग काढणे कठीण, कारण सर्वेक्षणासाठी जमिनीत सोडलेल्या कंपनलहरी लाव्ह्याच्या एकावर एक रचलेल्या थरांत विखुरतात व खालचे चित्र धूसर होते. 1993 च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे 338 मीटर बसाल्ट, त्याखाली अवघा आठ मीटर गाळ आणि मग थेट ग्रॅनाइटी पाया लागला. एका छिद्रावरून साऱ्या दख्खनचा निकाल लावता येणार नाही. सौराष्ट्रात लाव्ह्याखाली गाळाचे जाड थर मिळालेले आहेत. परंतु निविदेच्या अटी सैल केल्याने खडकाची जात बदलत नाही.

महाराष्ट्राच्या वाट्याला तेल आले ते समुद्रात. साठच्या दशकात सोव्हिएत साहाय्याने अरबी समुद्राचे सर्वेक्षण झाले, 1974 च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने मुंबई हायचा शोध लावला आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. केशवदेव मालवीय यांच्या आग्रहातून उभ्या राहिलेल्या सार्वजनिक आयोगाचे हे कर्तृत्व. 1980 च्या दशकाअखेर हे क्षेत्र वर्षाला सुमारे दोन कोटी टन तेल देत होते. आज ते वृद्ध झाले आहे. थरातील दाब घटला की तो टिकविण्यासाठी पाणी भरावे लागते, मग तेलाबरोबर पाणीच अधिक वर येते. फलाट आणि समुद्रतळाच्या नळवाहिन्या गंजतात. नव्या बांधकामाला पावसाळ्याचे चार महिने सोडून उरलेलाच हंगाम मिळतो. या क्षेत्राचे उत्पादन वाढविण्यासाठी 2025 च्या आरंभी एका ब्रिटिश बहुराष्ट्रीय कंपनीला तांत्रिक सल्लागार नेमण्यात आले. तिच्याकडून जे घेण्यासारखे असेल ते जरूर घ्यावे. पण पन्नास वर्षे उपसलेला थर कोणाच्याही सल्ल्याने तरुण होत नाही.

आणि या वाढीव उत्पादनाची किंमत कोण मोजतो? 27 जुलै 2005 रोजी एका जखमी कामगाराला जहाजावरून हलविताना ते जहाज मुंबई हाय उत्तर फलाटावर आदळले, आग लागली आणि 22 माणसे गेली. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाची पूर्वसूचना असतानाही पी-305 हा तराफा शेकडो कंत्राटी कामगारांसह समुद्रातच राहिला. त्यातील अनेक माणसे बुडाली. उत्पादनाची उद्दिष्टे जाहीर करताना या माणसांचा उल्लेख कोणी करीत नाही.

खासगी कंपन्या येताच चित्र पालटेल, हा दावाही तपासून पाहावा. बाडमेरला त्यांना यश आले, ते मान्य केले पाहिजे. परंतु कृष्णा-गोदावरी खोऱ्यात गाजावाजा करून सुरू झालेले वायूचे उत्पादन 2010 मध्ये शिगेला पोचून काही वर्षांतच कोसळले. सार्वजनिक आयोगाने शोधलेले पन्ना-मुक्ता क्षेत्र 1994 मध्ये एन्रॉन व रिलायन्स यांना भागीदार करून देण्यात आले. म्हणजे शोधाचा धोका जनतेच्या पैशाने पत्करला, आणि तेल हाती लागल्यावर वाटेकरी आले!

खरा अडथळा जमाखर्चात सापडतो. 1974 च्या तेल उद्योग विकास कायद्याने देशी तेलावर उपकर बसविला, तो या उद्योगाच्या विकासासाठी. 1991-92 पर्यंत विकास मंडळाला त्यातून सुमारे 902 कोटी रुपये मिळाले आणि पुढची पंचवीस वर्षे तरी काहीही मिळाले नाही. उपकर मात्र वसूल होतच राहिला व सरकारच्या सर्वसाधारण खर्चात मुरला. 2018 च्या जानेवारीत तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने हिंदुस्थान पेट्रोलियममधील सरकारी हिस्सा 36,915 कोटींना विकत घेतला, त्यासाठी कर्जही काढले. या व्यवहारातून तेलाचा एक थेंबही वाढला नाही. अर्थसंकल्पातील तूट तेवढी झाकली गेली. ज्या संस्थेची गंगाजळी अशी उपसली जाते, तिने खोल समुद्रातील जोखमीच्या विहिरी कशाच्या बळावर खोदाव्यात?

आयातीवरील अवलंबित्व 77 टक्क्यांवरून 2022 पर्यंत 67 टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट पंतप्रधानांनी 2015 मध्ये जाहीर केले होते. 2024-25 मध्ये ते 88 टक्क्यांच्या घरात होते. देशी कच्च्या तेलाचे उत्पादन 2011-12 मधील सुमारे 3.8 कोटी टनांवरून 2.9 कोटी टनांच्या खाली आले होते.

तेव्हा आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. उपकराचा वर्षवार हिशेब संसदेपुढे मांडला जावा व ती रक्कम शोधकार्यावरच खर्च व्हावी. वादळाचा इशारा मिळताच समुद्रातील कंत्राटी कामगाराला किनाऱ्यावर आणण्याची जबाबदारी कंत्राटदारावर न ढकलता मूळ मालकावर कायद्याने टाकावी. आणि डिझेलची मागणी आटोक्यात आणायची असेल, तर एस. टी. आणि रेल्वे यांच्यासाठी पैसा मागताना तेलाचे हे आकडे प्रत्येक सभेत लोकांपुढे ठेवावेत.