बेकरीतले नऊ, रमाबाई नगरातले दहा आणि भरतीची तयारी करणारी आपली पोरं

गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलावर पहाटे पाचला गेलात, तर आपल्या वस्त्यांमधली कितीतरी पोरं तिथं धावताना दिसतील. कुणी जिल्हा पोलीस भरतीसाठी १६०० मीटर मारतो, कुणी एसआरपीसाठी ५ किलोमीटर. दिवसा वाळूजला ठेकेदाराकडे काम, रात्री अभ्यासिका. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

११ जुलैला विहारात रमाबाई नगरच्या शहिदांना अभिवादन केलं. बोलताना मी मुंबईच्या सुलेमान उस्मान बेकरीचा विषय काढला. भरतीची तयारी करणारा एक पोरगा उठला आणि म्हणाला, "ताई, रमाबाई नगर आपलं. बेकरीचं प्रकरण त्यांचं. आपण कशाला मध्ये पडायचं?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

आधी घटना पाहू. बाबरी मशीद पाडल्यानंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई दोनदा पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या आकड्यांनुसार ९०० माणसं मेली. त्यात ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू. यातले ३५६ बळी पोलिसांच्या गोळीबाराचे. ९ जानेवारी १९९३ रोजी मोहम्मद अली रोडवरच्या या बेकरीत पोलिसांचं स्पेशल ऑपरेशन स्क्वॉड घुसलं. गच्चीवरून अत्याधुनिक शस्त्रांनी गोळीबार होतोय, असं पोलिसांचं म्हणणं. आत होते बेकरीत राबणारे कामगार, आणि शेजारच्या मदरशातली माणसं. आयोगाच्या नोंदीप्रमाणे नऊ जण मारले गेले. पोलिसांनी सांगितलेली कथा आयोगाला पटली नाही.

आता रमाबाई नगर. ११ जुलै १९९७. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला पाहून लोक रस्त्यावर आले. मनोहर कदम या फौजदाराच्या नेतृत्वाखाली एसआरपीच्या तुकडीने गोळ्या झाडल्या. दहा ठार, २६ जखमी. मेलेले कोण? हातावर पोट असलेल्या वस्तीतली आपली माणसं. कारण काय दिलं? जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. गुंडेवार आयोगाने ही टँकरची गोष्ट फेटाळली आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला.

मित्रांनो, या दोन घटना शेजारी ठेवून बघा. एकीकडे धर्म, दुसरीकडे जात. पण पद्धत तीच. आधी गोळी, मग गोष्ट. तिकडे गच्चीवरची शस्त्रं, इकडे टँकर. आणि दोन्हीकडे मेला तो कामगार, ज्याची बाजू मांडायला मंत्रालयात कुणी नव्हतं.

पुढचाही प्रवास तसाच. बेकरीच्या कारवाईचे प्रमुख आर. डी. त्यागी युती सरकारच्या काळात मुंबईचे पोलीस आयुक्त झाले आणि निवृत्तीनंतर शिवसेनेत गेले. २००१ मध्ये त्यांच्यासह १८ पोलिसांवर गुन्हा दाखल झाला. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने त्यागी आणि आणखी आठ जणांना खटल्याआधीच दोषमुक्त केलं. तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं, म्हणजे स्वतःला सेक्युलर म्हणवणारं सरकार होतं. त्या सरकारने निकालाला आव्हान दिलं नाही. हल्ल्यातून वाचलेला एक साधा माणूस वरच्या कोर्टात गेला. हायकोर्टात २००९ ला आणि सुप्रीम कोर्टात २०११ ला तो हरला. कदमला २००९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, जन्मठेप झाली. लवकरच हायकोर्टातून जामीनही मिळाला. युती असो की आघाडी, बंदूकवाल्याला सांभाळण्यात कुणी मागे राहिलं नाही.

कुणी म्हणेल, दंगल पेटल्यावर पोलिसांनी हातावर हात ठेवून बसायचं का? मुळीच नाही. बळ वापरायचा अधिकार कायद्याने दिलाय, पण गरजेपुरता. आणि त्याच दंगलीत हल्लेखोर जमावासमोर पोलीस अनेक ठिकाणी नुसते उभे राहिले, हेही श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलंय. जिथे गोळीची धमक हवी होती तिथे हात बांधलेले, आणि जिथे माणसं बंद खोलीत होती तिथे बंदुका मोकळ्या. याला कायदा-सुव्यवस्था म्हणत नाहीत.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येते. "त्यांचं" म्हणून आपण बेकरीवर गप्प बसलो, तर टँकरची गोष्ट खोटी आहे हे सांगायचा आपला आवाजही अर्धा होतो. कलम २१ मध्ये जीविताचा हक्क आहे. तो प्रत्येक व्यक्तीला आहे. बाबासाहेबांनी संविधान देताना मोहल्ला आणि वस्ती असा भेद केला नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. उद्या तू भरती होशील. व्हायलाच पाहिजे, आपली पोरं त्या गणवेशात हवीतच. मग एखाद्या बंदोबस्तात तुला हुकूम येईल, "फायर!" समोर बेकरीतला कामगार असेल, किंवा तुझ्याच चुलत्याची वस्ती. त्यावेळी लक्षात ठेव: मुंबईतल्याच एका बनावट चकमकीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये बजावलंय की बेकायदा खुनाला वरिष्ठांचा हुकूम हा बचाव होऊ शकत नाही. साहेब आयुक्त होईल, पक्षात जाईल. कोर्टाच्या पायऱ्या तुला चढाव्या लागतील, आणि मेलेल्यांचे चेहरे जन्मभर तुझ्यासोबत राहतील.

म्हणून दोन गोष्टी करू. पुढच्या ११ जुलैला विहारात रमाबाई नगरच्या दहा जणांसोबत बेकरीतल्या नऊ जणांनाही अभिवादन करू. आणि अभ्यासिकेत भरतीच्या गाईडशेजारी संविधान आणि श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल ठेवू. गणवेश घालण्याआधी आपल्या पोरांनी तो वाचलेला असला पाहिजे.

जयभीम!