वाद भाषेचा, प्रश्न मालकीचा

'जावा' श्रेष्ठ की 'डॉट नेट', हा प्रश्न एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीच्या उपाहारगृहात विचारून पाहावा. जेवणाची सुट्टी संपते, वाद संपत नाही. पुण्या-मुंबईत 2000 नंतरच्या दशकात संगणक प्रशिक्षणवर्गाची पायरी चढतानाच विद्यार्थ्याला यांपैकी एक बाजू निवडावी लागे आणि पुढे नोकरीची जाहिरातही त्याच नावाने येई. वादाला निष्ठेचे स्वरूप आले, ते त्यामुळेच. ज्यावर पोट अवलंबून, त्याविषयी तटस्थ कोण राहील?

या वादाला एक शिस्तही होती. बोलायचे ते वेगाविषयी, भाषेच्या रचनेविषयी, स्मृतीच्या वापराविषयी. कंपन्यांचे हेतू, परवान्यांची कलमे, न्यायालयातील दावे हे सारे विषयांतर! इंटरनेटवरील जुन्या यूजनेटवर तर 'माझी भाषा बरी की तुझी' या भांडणासाठी वेगळा गटच काढून दिलेला होता, म्हणजे कामाच्या चर्चेला त्याची बाधा नको. ही शिस्त अनाठायी नव्हती. मध्यरात्री प्रोग्रॅम अडून बसलेल्या माणसाला मायक्रोसॉफ्टच्या धोरणावरील प्रवचन नको असते. तथापि मागे वळून पाहता असे दिसते की, जे विषयांतर म्हणून बाजूला सारले गेले, तेच या दोन प्लॅटफॉर्मचे भवितव्य ठरवीत होते.

मुळात डॉट नेटचा जन्मच एका न्यायालयीन भांडणाच्या छायेत झाला. सन मायक्रोसिस्टिम्सने 1995 मध्ये जावा आणली. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कोणत्याही संगणकावर चालावा, हे तिचे ब्रीद. मायक्रोसॉफ्टने तिचा परवाना घेतला, पण आपल्या आवृत्तीत विंडोजपुरत्या सोयी घातल्या. सनने 1997 मध्ये दावा लावला. जानेवारी 2001 मध्ये तडजोड झाली आणि मायक्रोसॉफ्टने 2 कोटी डॉलर मोजले. तोवर, 2000 सालीच, तिने डॉट नेटची घोषणा केलेली होती. 2002 मध्ये ते बाजारात आले.

त्यानंतर जुंपली ती 'पेट शॉप'वरून. प्रोग्रॅमची रचना कशी असावी हे शिकवण्यासाठी सनने पाळीव प्राण्यांच्या दुकानाचा एक नमुना जावात तयार केला होता. मायक्रोसॉफ्टने तेच दुकान सी-शार्पमध्ये थाटले आणि आपले दुकान कितीतरी कमी ओळींत, कितीतरी वेगाने चालते, असा डांगोरा पिटला. मिडलवेअर कंपनी या सल्लागार संस्थेने 2002 मध्ये घेतलेल्या चाचणीतही डॉट नेट सरस ठरले आणि जावाच्या गोटात संतापाची लाट उसळली. मूळ नमुना वेगासाठी लिहिलेलाच नव्हता, हा आक्षेप रास्त होता. चाचणीच्या खर्चात मायक्रोसॉफ्टचा वाटा असल्याचे कळल्यावर तर संस्थेच्या निःपक्षपातीपणावरच बोट ठेवले गेले. गंमत अशी की, वेगाच्या मोजणीचा हा निव्वळ 'तांत्रिक' वाद अखेर पैसा कोणी दिला, याच प्रश्नावर येऊन ठेपला. त्या आकड्यांना आज कोणी विचारत नाही.

विचारले जाते ते मालकीविषयी. याची पहिली चुणूक मार्च 2005 मध्ये मिळाली. व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने काढून घेतला. नवी आवृत्ती जुन्याशी जुळणारी नव्हती. जगभरच्या जाणकारांनी अर्ज-विनंत्या केल्या, कंपनी बधली नाही. त्या भाषेत वर्षानुवर्षे घडवलेले कौशल्य एका निर्णयाने जुने ठरले. त्यात कोणाचा युक्तिवाद हरला नव्हता.

जावावाल्यांना तेव्हा आपण सुरक्षित आहोत असे वाटले असल्यास नवल नाही. सनने 2006 मध्ये जावा मुक्तस्रोत करण्याची घोषणाही केली. पण जानेवारी 2010 मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अँड्रॉइडवरून गुगलला न्यायालयात खेचले. सुमारे साडेअकरा हजार ओळींचा हा तंटा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 5 एप्रिल 2021 रोजी 6 विरुद्ध 2 मतांनी गुगलच्या बाजूने निकाली निघाला. अशा ओळींवर मुळात स्वामित्वहक्क असू शकतो काय, या कळीच्या प्रश्नाला मात्र न्यायालयाने हात घातला नाही. जानेवारी 2023 मध्ये ओरॅकलने आपल्या जावाचे शुल्क ग्राहक कंपनीच्या एकूण कर्मचारीसंख्येवर आकारण्याचे ठरवले. जावा किती जण वापरतात, याचा त्यात संबंधच राहिला नाही.

दरम्यान पारडे फिरले होते. ज्या मायक्रोसॉफ्टला 'बंदिस्त' म्हणून हिणवले जाई, तिने नोव्हेंबर 2014 मध्ये डॉट नेटचा गाभा मुक्तस्रोत केला आणि तो लिनक्सवर चालू लागला. इतकेच नव्हे, तर 2021 पासून ती जावाचीही स्वतःची मोफत आवृत्ती वितरित करते. वीस वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंनी हिरिरीने मांडलेले निम्मे मुद्दे त्यामुळे निकालात निघाले आणि त्यांपैकी एकही तांत्रिक चर्चेने निकालात निघालेला नाही.

याचा दाखला आज थेट प्रोग्रॅमच्या ओळींत सापडतो. जावाची उद्योगांसाठीची शाखा ओरॅकलने 2017 मध्ये इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवली. पण 'जावा' हे नाव वापरू दिले नाही. शाखेचे नाव 'जकार्ता' झाले आणि 2020 च्या आवृत्तीत 'जावाएक्स' हा उपसर्ग जाऊन 'जकार्ता' आला. 2022 च्या अखेरीस स्प्रिंग या लोकप्रिय चौकटीनेही तो स्वीकारला. त्यामुळे सुरळीत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या फायली उघडून, कामात काडीचाही फरक न पडता, एक शब्द बदलत बसण्याची वेळ असंख्य प्रोग्रॅमरांवर आली. हा बदल कसा करावा, हा प्रश्न मात्र सर्वत्र विषयाला धरून मानला जातो. तो का करावा लागला, हे विचारणे अजूनही विषयांतरच.