‘दूर’ कोण आणि कोणापासून?

राज्यकर्त्या वर्गाला एखाद्या जबाबदारीतून अंग काढून घ्यावयाचे असते तेव्हा तो प्रथम शब्द बदलतो. भाडेवाढीला ‘दरांचे सुसूत्रीकरण’ आणि कामगारकपातीला ‘मनुष्यबळाचे सुयोग्य नियोजन’ म्हणण्याची ही मखलाशी कामगार चळवळीच्या चांगल्या परिचयाची आहे. शिक्षणक्षेत्रातली मखलाशी मात्र कार्यकर्त्यांच्या सहसा ध्यानात येत नाही, कारण ती प्रगतीची भाषा बोलते. ‘लवचीक’, ‘अध्ययनार्थी-केंद्री’, ‘स्वयंगती’, ‘मिश्र अध्यापन’, ‘केव्हाही, कोठेही’ या शब्दांना विरोध करू जावे तर करणाराच प्रतिगामी ठरावा, अशी त्यांची घडण आहे. म्हणून या शब्दांत मुळात कोणाचे कोणते कर्तव्य सामावलेले होते आणि ते आज कोणाच्या डोक्यावर जाऊन बसले आहे, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे. आणि तो मांडावयास यवतमाळसारखा दुसरा जिल्हा नाही.

या जिल्ह्याचे तालुके १६. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार, आणि दर पाच माणसांपैकी जवळजवळ चार खेड्यांत राहणारी. वणी आणि उमरखेड ही दोन टोके जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरांच्या घरात. विद्यापीठ अमरावतीला आणि मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय पार नाशिकला, पाचशे किलोमीटरांच्या आसपास. कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन यांवर जगणाऱ्या या प्रदेशाचे नाव वर्तमानपत्रांत येते ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या निमित्ताने. झरी-जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजी या बाजूला कोलामांचे पोड, पुसद-दिग्रसकडे बंजाऱ्यांचे तांडे. दहावीनंतर एस.टी. वेळेवर येत नाही म्हणून घरी बसलेली मुलगी, मजुरीसाठी परमुलखात जाणारा तरुण, पदवी नाही म्हणून बढती अडलेली अंगणवाडी सेविका: दूरशिक्षण ज्यांच्यासाठी निर्माण झाले असे सांगितले जाते ती माणसे हीच. त्यांच्या दृष्टीने ‘दूर’ हा शब्द किलोमीटरांत मोजला जातो, आणि शासनही तो तसाच मोजते. गोंधळाचा आरंभ येथेच होतो.

दूरशिक्षणाच्या शास्त्रात ‘अंतर’ ही भौगोलिक कल्पना मानलेलीच नाही. मायकेल मूर या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या दशकात मांडलेल्या विवेचनानुसार शिक्षणातील अंतर तीन गोष्टींवर अवलंबून असते: शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील संवाद, अभ्यासक्रमाच्या आखणीचा ताठरपणा आणि विद्यार्थ्याची स्वतःच्या बळावर शिकण्याची क्षमता. संवाद कमी आणि आखणी ताठर असेल तर अंतर वाढते. मग शिक्षक समोर फळ्यापाशी उभा असो वा पाचशे किलोमीटरांवर असो. दोनशे मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या, ज्याला वर्षभरात एक प्रश्न विचारता आला नाही अशा विद्यार्थ्यापासूनही त्याचे महाविद्यालय दूरच असते. उलट पोडावर बसून लिहिलेला स्वाध्याय कोणी काळजीपूर्वक वाचून, समासात चार ओळी लिहून परत पाठवीत असेल तर ते अंतर तुटले. अंतर तोडण्याचे साधन संवाद हे आहे, आणि संवादासाठी माणूस लागतो. पगारी माणूस लागतो, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

दुसरा शब्द ‘मुक्त’. या शब्दाचा जन्म समाजवादी चळवळीच्या घरातला आहे, याचा विसर समाजवाद्यांनाच पडावा हे खेदजनक होय. १९६३ मध्ये ग्लासगो येथे हॅरल्ड विल्सन यांनी नभोवाणी-दूरचित्रवाणीवरील विद्यापीठाची कल्पना मांडली; तिला मूर्त रूप दिले ते जेनी ली यांनी. खाणकामगाराची मुलगी, अन्यूरिन बेव्हन यांची पत्नी आणि मजूर पक्षाच्या डाव्या फळीतील मंत्री असलेल्या या बाईंचा आग्रह एकच होता, की गरिबांसाठी म्हणून दुय्यम दर्जाचे काही काढावयाचे नाही. १९६९ मध्ये सनद मिळालेल्या आणि १९७१ च्या जानेवारीत अध्यापन सुरू केलेल्या या विद्यापीठाने प्रवेशासाठी पूर्वपात्रतेची अट ठेवली नाही. पण प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मार्गदर्शक शिक्षक आणि प्रादेशिक केंद्रांचे जाळे उभे केले. दार उघडे ठेवणे आणि आत आलेल्याचा हात धरणे, या दोहोंना मिळून ‘मुक्त’ हा शब्द होता.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारा शिक्षण सुरू केले. आंध्र प्रदेशात १९८२ मध्ये पहिले मुक्त विद्यापीठ, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे नाशिकचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे तेथील ब्रीद. बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी करवून घेऊन पदवीच्या वर्गात आणण्याची वाट या विद्यापीठाने उघडली आणि मराठीत स्वयंअध्ययनाची पुस्तके सिद्ध केली, हे ऋण कोणीही नाकारू नये. या व्यवस्थेचे चार अवयव होते: एकट्याने वाचून समजेल असे पुस्तक, तालुक्याच्या गावी अभ्यासकेंद्र, तेथे ठरल्या दिवशी भेटणारा समंत्रक, आणि तपासून शेऱ्यासह परत मिळणारा स्वाध्याय. यांतील पहिला अवयव टिकला. उरलेले तीन कसे वाळत जातात, त्याचे कारण कोणाच्या दुष्टपणात शोधण्याचे कारण नाही; ते हिशेबाच्या वहीत सापडते.

जर्मन अभ्यासक ओटो पीटर्स यांनी दूरशिक्षणाला अध्यापनाचे सर्वांत औद्योगिक रूप म्हटले होते. श्रमविभागणी, यांत्रिकीकरण, मोठ्या प्रमाणावरील उत्पादन ही कारखान्याची सारी लक्षणे त्यात आहेत. पुस्तक एकदा लिहून घेण्याचा खर्च स्थिर असतो. विद्यार्थी हजार असोत वा लाख, तो बदलत नाही, आणि विद्यार्थी वाढतील तसा दरडोई घटत जातो. समंत्रकाचे मानधन, स्वाध्याय तपासणी, केंद्राची देखभाल हा खर्च मात्र बदलता असतो. प्रत्येक नव्या विद्यार्थ्यागणिक तो वाढतो. तिजोरी आखडली की कोणता खर्च कापला जाणार, हे सांगावयास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. आणि नेमक्या या बदलत्या खर्चातच संवाद राहतो.

ऑनलाइन शिक्षणाच्या आकर्षणाचे मर्म येथे आहे. व्याख्यानाचे चित्रीकरण एकदाच करावयाचे. पुढे छपाई नाही, टपाल नाही, गोदाम नाही. २०१७ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या ‘स्वयम’ व्यासपीठावरील अभ्यासक्रम चार पायांवर उभा आहे असे सांगतात: चित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन आणि चर्चामंच. पहिले तीन पाय यंत्राचे आहेत. चौथा माणसाचा, तो लंगडा असला तर सारा डोलारा एका बाजूला कलतो. अशा विराट अभ्यासक्रमांत नाव नोंदविणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक तो पूर्ण करीत नाहीत, हा जगभरचा अनुभव आहे. तरीही विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा अभ्यासक्रमांतून मिळविता येणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा २०१६ मधील २० टक्क्यांवरून २०२१ मध्ये ४० टक्क्यांवर नेली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘मिश्र अध्यापना’चा मसुदा काढून प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकविण्याची कल्पना पुढे केली. ‘मिश्र’ म्हणजे दोन्ही पद्धतींतले उत्तम ते एकत्र आणणे, असा शास्त्रातला अर्थ. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त असलेल्या ग्रामीण महाविद्यालयात त्याचा व्यवहारातला अर्थ काय होईल, हे तासिका तत्त्वावर राबणाऱ्या कोणाही शिक्षकाला विचारावे.

‘श्रेयांक’ या शब्दाकडे तर कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या मोजणीत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे ३० तास. तेथील जुन्या पदवीला ९६ श्रेयांक लागत. म्हणजे २,८८० तास, वर्षाला ९६०, आणि सुटी न घेता रोज अडीच तासांहून अधिक. ही मोजणी प्रामाणिक आहे; विद्यार्थ्याचा श्रमकाल ती उघडपणे मांडते. परंतु किलोमागे मजुरी घेऊन दिवसभर कापूस वेचणाऱ्या, घरी येऊन चूल पेटविणाऱ्या बाईने हे अडीच तास कोठून काढावेत? ‘स्वयंगती’ या गोड शब्दाचे उत्तर असे, की तिने सवडीने शिकावे. सवड ही वर्गीय वस्तू आहे. शिवाय परीक्षेचे वेळापत्रक मुख्यालयात ठरते आणि पेरणीचे मृगावर. या दोहोंचा मेळ घालण्याची जबाबदारी मात्र शिकणाऱ्याची. (‘अध्ययनार्थी-केंद्री’ या शब्दातील अध्ययनार्थी केंद्रस्थानी असतो तो बहुधा अशाच वेळी.)

पक्षाच्या काही तरुण सहकाऱ्यांना ही टीका जुनाट वाटते. त्यांचे म्हणणे असे, की आता घरोघरी स्मार्टफोन आहे, पोडावरील मुलीला मुंबईच्या प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकता येते, ही लोकशाहीच नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते झिडकारणे चूक ठरेल. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील अवघ्या १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती आणि ४.४ टक्क्यांकडे संगणक होता; त्यानंतर फोनचा प्रसार झपाट्याने झाला, हे खरे. पण पाहणी कुटुंबाची होते आणि शिक्षण व्यक्तीचे. घरातला एकुलता फोन बापाबरोबर शेतात किंवा भावाबरोबर परगावी गेला की मुलीच्या हाती काय उरते? २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा हे सर्वांनी पाहिले. कोलामी वा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीतले, फार तर प्रमाण मराठीतले व्याख्यान दाखविल्याने संवाद घडतो असेही नाही. आणि बाजाराच्या हाती हे क्षेत्र सोपविल्याचे फळ ‘बायजूज’ने दाखविले: २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्य सांगणारी कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली.

दुसऱ्या टोकाला, दूरशिक्षणाची पदवी ती कसली पदवी, असे नाक मुरडणारे शिक्षकही संघटनांत आहेत. त्यांनी आयोगाचे सप्टेंबर २०२२ चे पत्र वाचावे. मान्यताप्राप्त दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष आहेत, असे ते स्पष्ट सांगते. मात्र समकक्षता कागदावर मिळाली म्हणजे काम संपले, असेही नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या पत्राद्वारा दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांना मान्यता नाकारली, तेव्हा शिक्षा भोगली ती फी भरलेल्या विद्यार्थ्यांनी. नियमबाह्य दुकान चालू देणाऱ्यांना तितकी झळ पोचली नाही.

यंत्राला विरोध हा समाजवाद्यांचा कार्यक्रम कधीच नव्हता; यंत्र कोणाच्या मालकीचे आणि वाचलेला पैसा कोणाच्या पदरात, हा प्रश्न होता. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला, आणि त्या राज्याने २०२३ मध्ये सार्वजनिक मालकीचे जाळे सुरू करून २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. अंमल संथ आहे म्हणून तेथे टीका होते; महाराष्ट्रात टीका करण्याजोगे उद्दिष्टही नाही. येथे मागणी अशी असावी, की ऑनलाइनमुळे छपाई-टपालात वाचणारा पैसा समंत्रकांच्या मानधनात जावा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या गावोगावच्या वाचनालयांत अभ्यासाची जागा, वीज आणि जोडणी मिळावी. ‘भारतनेट’ची तार ग्रामपंचायतीपर्यंत आली असेल तर ती कपाटातील पेटीत संपते की विद्यार्थ्याच्या मेजापर्यंत जाते, याची गाववार तपासणी व्हावी. आणि समंत्रण सत्रांचे वेळापत्रक वेचणीचे दिवस पाहून लावावे.

यासाठी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. मारेगाव-झरीकडील एखाद्या पोडावरच्या अंगणवाडी सेविकेने लिहिलेला स्वाध्याय कोणी वाचला, समासात काय लिहिले, आणि तो किती दिवसांनी तिच्या हाती परत आला, एवढे तीन प्रश्न घेऊन जिल्ह्यातील सोळाही तालुका समित्यांना येत्या सत्रातच आपापल्या अभ्यासकेंद्राच्या दारात उभे राहता येईल. उत्तरे लेखी घ्यावीत.