दार उघडलं, राखण कोण करणार?

खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. या तिन्हींचं मिळून झालेलं ‘खाउजा’ आपल्या शिबिरांत आता फारसं ऐकू येत नाही. शब्द जुना झाला म्हणून नव्हे, गोष्ट अंगवळणी पडली म्हणून. बियाणं, कारखाने, रेशन यांसाठी आपण मोर्चे काढले. दवाखानाही त्याच बाजारात मांडला गेला आहे, याकडे मात्र आपलं लक्ष कमी गेलं.

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि सेवांच्या व्यापाराचा ‘गॅट्स’ करार लागू झाला. या करारात आरोग्यसेवेचा व्यापार चार वाटांनी होतो. डॉक्टरचा सल्ला तारेवरून परदेशी जातो, रुग्ण उपचारासाठी दुसऱ्या देशात जातो, परदेशी कंपनी इथे येऊन रुग्णालय चालवते, आणि डॉक्टर-नर्स कामासाठी बाहेर जातात. कोणतं क्षेत्र किती खुलं करायचं, हे प्रत्येक देशाने ठरवायचं. भारताने रुग्णालयांत ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवल येऊ देण्याचं वचन दिलं. करारात एवढंच असताना २००० साली सरकारने आपणहून ही मर्यादा १०० टक्क्यांवर नेली. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने परदेशी रुग्णांवरच्या उपचारांना निर्यात मानून निर्यातीच्या सवलती देऊ केल्या. म्हणजे दार बाहेरून कुणी फोडलं नाही, ते आतूनच उघडलं गेलं.

याचा अर्थ काय, हे पुण्यातच पाहा. सह्याद्री रुग्णालयांची बहुसंख्य मालकी २०२२ साली कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे गेली. २०२५ मध्ये ती मणिपाल समूहाने विकत घेतली, आणि त्या समूहात २०२३ पासून मोठा वाटा सिंगापूर सरकारच्या टेमासेक कंपनीचा आहे. यात बेकायदा काही नाही. कॅनडातल्या शिक्षिकाही आपल्या शत्रू नाहीत, म्हातारपणाची सोय त्यांनाही हवीच. पण तीन वर्षांत मालक बदलणाऱ्या रुग्णालयात बिलाबद्दल तक्रार असलेल्या बाईने दाद मागायची कुणाकडे?

महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ती अटही किती ठिकाणी पाळली जाते, हे आपल्या कार्यकर्त्यांना चांगलं ठाऊक आहे. पण निदान ती दाखवून भांडता तरी येतं. ही अट सार्वजनिक न्यासांना आहे, नफ्यासाठी काढलेल्या कंपनीला नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे अजून १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावरच काम चालतं. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आली, हे खरं. पण भिंतीवर लावलेली सनद आणि हातात पडलेला हक्क यांत अंतर आहे.

राखणदार नसला की काय होतं, हे सांगायला परदेशी कंपनीही लागत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. बऱ्याच शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांतल्या. खाडा पडला की दंड कापला जातो, म्हणून पाळीच नको वाटणारी बाई आणि शस्त्रक्रियेवर कमावणारा दवाखाना, यांची गाठ बाजाराने घातली. घरच्या व्यापाऱ्यालाच ज्या सरकारला आवरता आलं नाही, ते सातासमुद्रापलीकडच्या भागधारकाला काय आवरणार?

यावर सांगितलं जातं की या व्यापारात बायकांचंही भलं आहे, आपल्या नर्सना परदेशी चांगला पगार मिळतो. तो त्यांनी जरूर मिळवावा, बाईच्या जाण्याला आपला विरोध नाही. पण इथे कंत्राटावर, तुटपुंज्या पैशांत राबवून घ्यायचं आणि ती गेली की परकीय चलन मोजत बसायचं, याला धोरण म्हणायचं का? गावपातळीवर सरकारी आरोग्यसेवा जिच्या खांद्यावर उभी आहे, त्या ‘आशा’ला आपण अजून ‘स्वयंसेविका’च म्हणतो आणि पगाराऐवजी मानधन देतो.

उपचार महागले की रुग्ण लवकर घरी आणला जातो. घरी आणला, म्हणजे कुणाकडे? आई, सून, मुलगी यांच्याकडे. मग मुलीची शाळा सुटते, सुनेची मजुरी बुडते, आणि स्वतःचं दुखणं बाई अंगावर काढते. हा खर्च व्यापाराच्या कोणत्याही हिशेबात धरला जात नाही. म्हणून हा प्रश्न अर्थतज्ज्ञांचा नाही, आपला आहे.

एक फरक नीट समजून घेऊ. सरकारने स्वतः घेतलेला निर्णय दुसरं सरकार फिरवू शकतं. गॅट्समध्ये दिलेलं वचन मागे घ्यायचं तर ज्या देशांचं नुकसान होईल, त्यांना भरपाई म्हणून दुसरीकडे सवलत द्यावी लागते. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या. अशा करारांची बोलणी बंद दाराआड होतात आणि मसुदा लोकांपुढे येतो तो सगळं ठरल्यावर.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. आरोग्यसेवेबद्दल कोणतंही नवं वचन विधानसभा-संसदेत चर्चा झाल्याशिवाय देऊ नये. कंपनीच्या रुग्णालयांनाही गरिबांच्या खाटांची अट लावावी. दरपत्रक आणि रुग्णहक्क यांवर देखरेख करणाऱ्या समित्यांत स्त्री-संघटनांना जागा द्यावी. आणि सर्वांत आधी, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर, नर्स आणि औषध असावं.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने आपल्या तालुक्याची यादी करावी: रुग्णालयं कोणती, मालक कोण, मोफत खाटा किती. व्यापाराचे करार दिल्लीत होतात, पण त्यांचा हिशेब आपल्याला तालुक्यातच मागता येईल.